राजवाड्यातील भाऊबंदकीतून इंग्रजी

ब्रिटिश राजघराण्यातील भांडण हे इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्याचे स्वस्त आणि खात्रीचे साधन आहे. नवा शब्द डोक्यात टिकायला दोन गोष्टी लागतात. तो वारंवार भेटावा लागतो, आणि ज्या प्रसंगात भेटतो तो प्रसंग आधीच कळलेला असावा लागतो. अर्थसंकल्पाच्या बातमीत पहिली अट पुरी होते, दुसरी होत नाही. म्हणून 'फिस्कल डेफिसिट' हा शब्द दर फेब्रुवारीत पाठ होतो आणि होळीपर्यंत विसरतो. राजघराण्याच्या बातमीला ही अडचण नाही. थोरला मुलगा, धाकटा मुलगा, दोन जावा, सासरे, सावत्र सासू आणि मानपानावरून चाललेली धुसफूस एवढे समजायला मराठी वाचकाला शब्दकोश उघडावा लागत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत एका वाक्यातला माणूस पुढच्या वाक्यात क्वचितच भेटे. इथे तीच माणसे वर्षानुवर्षे भेटत राहतात, आणि दर वेळी नवे विशेषण लावून येतात.

या अभ्यासासाठी मराठी वाचकाची पूर्वतयारीही चांगली असते. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ मध्ये झाला. त्या प्रकरणात आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केल्याची दंतकथा प्रत्येकाच्या कानावर लहानपणीच पडते, त्यामुळे वाड्यातल्या कागदावरचे एक अक्षर काय करू शकते हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. पुढे गादीसाठी राघोबादादा इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि मराठ्यांच्या भाऊबंदकीत इंग्रज पक्षकार होऊन बसले. आता इंग्रजांच्या भाऊबंदकीत मराठी माणूस निव्वळ वाचक म्हणून बसतो, ही परतफेड सौम्यच म्हणायची. शिवाय आहेराचे नातेही आहे. आताचे राजे चार्ल्स २००३ मध्ये मुंबईत डबेवाल्यांना भेटले, २००५ मध्ये त्यांच्या आणि कॅमिला यांच्या लग्नाला डबेवाल्यांचे प्रतिनिधी गेले, आणि २०१८ मध्ये चार्ल्स यांचा धाकटा मुलगा हॅरी व मेगन यांच्या लग्नासाठी डबेवाल्यांनी नवरीला पैठणी आणि नवऱ्याला कुर्ता-फेटा घेतला. ज्या घरासाठी आपण पैठणी घेतली, त्या घरात पुढे काय झाले ही चौकशी भोचकपणात मोडत नाही.

अभ्यासाची सुरुवात नामांपासून करावी. भांडणाच्या नामांची इंग्रजीत तीव्रतेनुसार उतरंड लावता येते. 'टिफ' म्हणजे कुरबुर. ती चहाच्या वेळेपर्यंत संपते. 'स्पॅट' म्हणजे खटका. तो जेवणापर्यंत टिकतो. 'राउ' म्हणजे रीतसर भांडण, ज्याचा आवाज शेजारी जातो. 'रिफ्ट' म्हणजे बेबनाव, ज्यात आवाज बंद होतो आणि शेजाऱ्यांची पंचाईत होते. 'फ्यूड' म्हणजे जुने वैर, ज्याचे मूळ कारण दोन्ही बाजू वेगवेगळे सांगतात. 'इस्ट्रेंजमेंट' म्हणजे कायमचा दुरावा, ज्यात वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा जाहीर निवेदनातून द्याव्या लागतात. यातील 'रिफ्ट'चा मूळ अर्थ तडा. भूगोलाच्या पुस्तकातील पूर्व आफ्रिकेची 'रिफ्ट व्हॅली' म्हणजे खचदरी, ती याच शब्दाची. त्यामुळे रिफ्ट 'वाइडन' होते, 'डीपन' होते आणि फार क्वचित 'हील' होते. मराठीतही दोन भावांमधली दरी रुंदावतच जाते, तेव्हा हा शब्द पाठ करताना डोक्याला ताण पडत नाही.

रिफ्ट, राउ आणि फ्यूड हेच शब्द मथळ्यांत सतत दिसतात, त्याचे कारण भावनेपेक्षा छपाईत अधिक आहे. 'डिसअ‍ॅग्रीमेंट' हा सभ्य आणि बहुधा अचूक शब्द आहे, पण तो एका रकान्यात मावत नाही. मथळ्याला तीन-चार अक्षरांचा शब्द हवा असतो आणि इंग्रजीत लहान शब्द बहुतेक करून तिखट असतात. अशा रीतीने जागेअभावी साध्या मतभेदाचे वैर होते. 'राउ'च्या बाबतीत उच्चाराचीही खबरदारी घ्यावी. हेच स्पेलिंग 'रो' असे वाचले की अर्थ होतो ओळ किंवा रांग. ६ मे २०२३ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा हॅरींना तिसऱ्या रांगेत बसवले होते. ज्याच्याशी 'राउ' आहे त्याला कितव्या 'रो'मध्ये बसवायचे, हा प्रश्न मराठी लग्नकार्यात नवा नाही. इंग्रजीत मात्र तो एकाच स्पेलिंगमध्ये विचारता येतो.

नामांनंतर क्रियापदे. मथळ्याच्या इंग्रजीत कोणी काही 'म्हणत' नाही. तो 'स्लॅम' करतो, 'ब्लास्ट' करतो, 'हिट बॅक' करतो किंवा 'लॅश आउट' करतो. शब्दशः घेतल्यास या घरात रोज हाणामारी होते असे वाटेल. प्रत्यक्षात एका बाजूने मुलाखत दिलेली असते आणि दुसऱ्या बाजूने ती पाहिलेली नसते. 'स्नब' हे क्रियापद विशेष उपयोगी आहे. समोरच्याने काहीही केले नाही, तरी त्याने डावलले असे म्हणण्याची सोय त्यात आहे. 'ब्रेक सायलेन्स' म्हणजे मौन सोडणे. काही व्यक्तींनी हे मौन इतक्या वेळा सोडले आहे की ते धरले कधी होते याचा शोध घ्यावा लागतो. बोलणाऱ्याच्या नावाच्या जागी 'इनसायडर', 'रॉयल सोर्स', 'पॅलेस एड' किंवा 'अ फ्रेंड ऑफ द कपल' असे शब्द येतात. मराठी वर्तमानपत्रांचे 'विश्वसनीय सूत्र' हेच काम एकट्याने करते. इंग्रजीत त्यासाठी चार जागा भरलेल्या आहेत. 'रॉयल एक्स्पर्ट' ही पाचवी जागा. तिच्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते, हे जाहिरातीत दिलेले नसते.

मथळ्याच्या इंग्रजीची उलटी बाजू म्हणजे राजवाड्याचे इंग्रजी. तिथे माणूस बोलत नाही, इमारत बोलते. 'बकिंगहॅम पॅलेस म्हणाला', 'केन्सिंग्टन पॅलेसने नकार दिला' अशी वाक्ये रोज छापून येतात. मराठी घरात वास्तू फार तर 'तथास्तु' म्हणते. लंडनमध्ये ती निवेदन काढते आणि दुसऱ्या वास्तूचे म्हणणे खोडते. या भाषेचा नियम एकच: घरात जितका भडका, तितके निवेदन गार. 'अँग्री', 'हर्ट', 'फ्यूरिअस' हे शब्द त्यात चालत नाहीत. फार झाले तर 'सॅडन्ड', म्हणजे व्यथित. घराणे व्यथित झाले की जाणकार समजतात, आत भांडी फुटली.

राजवाड्याच्या इंग्रजीतला सर्वांत महत्त्वाचा धडा पायऱ्यांचा आहे. 'स्टेप डाउन' म्हणजे पद सोडणे, 'स्टेप असाइड' म्हणजे दुसऱ्यासाठी बाजूला होणे, 'स्टेप बॅक' म्हणजे मागे सरकणे, आणि 'स्टेप अप' म्हणजे उरलेल्यांनी जास्तीचे काम करणे. लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या जेफ्री एपस्टीनशी असलेल्या संबंधांबद्दल बीबीसीला दिलेली मुलाखत अंगाशी आल्यावर चार्ल्स यांचे भाऊ प्रिन्स अँड्र्यू यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये सार्वजनिक कामांतून 'स्टेप बॅक' केले, तेही 'फॉर द फोरसीएबल फ्यूचर', म्हणजे नजीकच्या काळापुरते. ते परत आले नाहीत, त्यावरून या शब्दसमूहाचा खरा अर्थ कळतो. ८ जानेवारी २०२० रोजी हॅरी आणि मेगन यांनी इन्स्टाग्रामवरून जाहीर केले की आपण घराण्याचे 'सीनियर' सदस्य म्हणून 'स्टेप बॅक' करणार आणि आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र होण्यासाठी काम करणार. 'सीनियर' हा शब्द त्यांनी अवतरण चिन्हांत घातला होता. घराण्यातून बाहेर पडण्याच्या निवेदनात सगळे शब्द साधे ठेवून नेमक्या पदाला चिमटा काढणे, हा अवतरण चिन्हांच्या वापराचा उत्तम नमुना आहे. राजवाड्याने त्याच दिवशी उत्तर दिले की चर्चा 'अर्ली स्टेज'ला आहे आणि प्रश्न 'कॉम्प्लिकेटेड' आहेत. याचे मराठी असे, की आम्हालाही आत्ताच कळले. या घडामोडीला वर्तमानपत्रांनी 'ब्रेक्झिट'च्या चालीवर 'मेग्झिट' म्हटले. घर दोघांनी सोडले, तरी शब्दात नाव एकट्या सुनेचे आले. भाषा बदलली तरी ही रीत बदलत नाही. कॉलिन्स शब्दकोशाने २०२० च्या निवडक शब्दांच्या यादीत 'मेग्झिट'ला 'लॉकडाउन'च्या पंक्तीला बसवले.

मार्च २०२१ मध्ये ऑप्रा विन्फ्रे यांनी घेतलेली हॅरी-मेगन यांची मुलाखत प्रसारित झाली. मुलाखतीचे इंग्रजी 'बॉम्बशेल' आणि 'टेल-ऑल' या वर्गातले होते, आणि त्यातले आरोप गंभीर होते. राजवाड्याचे निवेदन दोन दिवसांनी आले आणि चार ओळींत संपले. त्यातला एक तुकडा इंग्रजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावा: 'सम रीकलेक्शन्स मे व्हेरी'. काही आठवणींत फरक असू शकतो. समोरचा खोटे बोलतो असे यात म्हटलेले नाही, आणि खरे बोलतो असेही नाही. 'सम'मुळे कोणत्या आठवणी ते कळत नाही, 'मे'मुळे फरक आहेच असे ठरत नाही, आणि 'व्हेरी' या क्रियापदाचा कर्ता माणूस नसून आठवणी आहेत. चार शब्दांत एवढी माघारीची वाट ठेवणारे वाक्य व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत मागच्या सभेचे इतिवृत्त मंजूर करताना ते जसेच्या तसे वापरता येते.

१० जानेवारी २०२३ रोजी हॅरींचे आत्मचरित्र आले आणि एका शब्दाचा अभ्यास सुरू झाला: 'स्पेअर'. इंग्रज सरदार घराण्यांत 'अ‍ॅन एअर अँड अ स्पेअर' हा वाक्प्रचार जुना आहे. पहिला मुलगा वारस, दुसरा जादाचा. हाच शब्द क्रियापद म्हणून आला की 'गय करणे' किंवा 'वाचवणे' असा अर्थ होतो. पुस्तकात जादाच्या मुलाने कोणाचीच गय केली नाही, तेव्हा दोन्ही अर्थ एका शीर्षकात शिकता येतात. या शब्दाने अनुवादकांना बरेच छळले. स्पॅनिश आवृत्तीने 'सावलीत' अशा अर्थाचे शीर्षक घेतले, फ्रेंचने बदली माणसाचा शब्द काढला आणि जर्मनने 'रिझर्व्ह'वर काम भागवले. मराठीत अडचण आली नसती. मोटारीच्या जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. तो शब्द वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, जिथे १९०४ च्या सुमारास हे जादा चाक तयार झाले. थोरला भाऊ प्रिन्स ऑफ वेल्स आणि धाकट्यासाठी अचूक शब्दही वेल्सचाच, एवढी सोय मराठीत आयतीच झालेली आहे. पुस्तकाच्या ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडातील इंग्रजी आवृत्त्यांच्या पहिल्याच दिवशी १४ लाखांहून अधिक प्रती गेल्या. त्यात २०१९ मधल्या दोन भावांच्या झटापटीचा प्रसंग आहे. हॅरींच्या सांगण्याप्रमाणे ते ढकलले गेले आणि कुत्र्याच्या खाण्याच्या भांड्यावर पडले. 'ऑल्टरकेशन' म्हणजे बाचाबाची, 'स्कफल' म्हणजे झटापट, 'डॉग बोल' म्हणजे काय ते उघड आहे.

ज्यांना अभ्यास खोलवर न्यायचा आहे त्यांनी जुन्या अंकांकडे वळावे. 'अ‍ॅब्डिकेट' म्हणजे गादी सोडणे. हे क्रियापद आठवे एडवर्ड यांनी डिसेंबर १९३६ मध्ये वॉलिस सिम्पसन यांच्याशी लग्न करण्यासाठी जगाला शिकवले. त्याच प्रकरणात 'मॉर्गनॅटिक मॅरेज' हा प्रकार चर्चेला आला. नवरा राजा, पण बायको राणी नाही आणि मुलांना वारसा नाही, असे हे लग्न. मंत्रिमंडळाने ही तडजोड नाकारली. १९९२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या तीन मुलांचे संसार मोडकळीला आले आणि विंडसर किल्ल्याला आग लागली. राणींनी नोव्हेंबरातल्या भाषणात त्या वर्षाला 'अ‍ॅनस हॉरिबिलिस', म्हणजे भयंकर वर्ष, म्हटले. इंग्रजीच्या माहेरघरात दुःख सांगायची वेळ आली तेव्हा लॅटिन काढावे लागले, याची नोंद इंग्रजी माध्यमाच्या आग्रही पालकांनी घ्यावी. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान जॉन मेजर यांनी चार्ल्स आणि डायाना विभक्त होत असल्याचे संसदेत सांगितले, आणि हा निर्णय 'अ‍ॅमिकेबली' म्हणजे सामोपचाराने झाल्याचे नमूद केले. सामोपचाराचा अर्थ १९९५ मध्ये डायाना यांच्या दूरदर्शन मुलाखतीतून स्पष्ट झाला. या लग्नात आम्ही तिघे होतो, त्यामुळे जरा 'क्राउडेड' होते, असे त्या म्हणाल्या. 'क्राउडेड' हा शब्द तोवर मुंबईच्या लोकलसाठी राखीव आहे असा अनेकांचा समज होता.

प्रगत वर्गासाठी २०२५ चा ऑक्टोबर महिना राखून ठेवावा, कारण त्यात प्रयोग बदलून दाखवला आहे. १७ तारखेला अँड्र्यू यांनी जाहीर केले की आपण आपले किताब यापुढे वापरणार नाही. ते झाले 'गिव्ह अप' किंवा 'रीलिंक्विश'. कर्ता स्वतः, म्हणजे कर्तरी प्रयोग. ३० तारखेला राजवाड्याने जाहीर केले की राजे चार्ल्स यांनी हे किताब काढून घेण्याची प्रक्रिया सुरू केली आहे. ते झाले 'स्ट्रिप'. मथळ्यांत 'स्ट्रिप्ड' म्हणून आले, म्हणजे कर्मणी प्रयोग. तेरा दिवसांत कर्तरीचे कर्मणी झाले आणि प्रिन्स अँड्र्यू यांचे अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर झाले. याच सुमारास त्यांच्या रॉयल लॉज या निवासाचा भाडेकरार चर्चेत आला आणि 'पेपरकॉर्न रेंट' हा शब्द सर्वांना कळला. २००३ मध्ये झालेला हा करार ७५ वर्षांचा. सुरुवातीला दहा लाख पौंड आणि दुरुस्तीवर किमान पंचाहत्तर लाख पौंड खर्च केल्यावर वार्षिक भाडे उरले मिरीचा एक दाणा, तोही मागितला तर. इंग्रजी कायद्यात मोबदल्यावाचून करार उभा राहत नाही, म्हणून काहीतरी नाममात्र लिहावे लागते, आणि मिरीचा दाणा ही त्यासाठीची जुनी रीत. कोकणात पोफळीवर चढलेल्या मिरवेलीच्या दोन घोसांत या बंगल्याचे पुऱ्या ७५ वर्षांचे भाडे निघते. मुंबईत घर शोधणाऱ्यांनी हा शब्द शिकावा, पण घरमालकासमोर वापरू नये.

शेवटचा धडा समेटाचा आणि तो आखूड आहे, कारण त्याचे उतारे कमी मिळतात. 'रेकन्सिलिएशन' म्हणजे समेट. मे २०२५ मध्ये हॅरींनी बीबीसीला सांगितले की आपल्याला घरच्यांशी समेट आवडेल. 'ऑलिव्ह ब्रँच' म्हणजे समेटाची पहिली खूण, 'थॉ' म्हणजे बर्फ वितळणे, 'बरी द हॅचेट' म्हणजे कुऱ्हाड पुरून टाकणे. हे तिन्ही शब्द १० सप्टेंबर २०२५ रोजी एकाच वेळी कामाला लागले, कारण त्या दिवशी क्लॅरेन्स हाउसमध्ये बापलेकांनी एकत्र चहा घेतला. भेट तासाभराच्या आत संपली. तिच्यावरचा मजकूर मात्र कित्येक दिवस पुरला. आपल्याकडे गोड बोलण्यासाठी वर्षातून एक सण ठरलेला आहे आणि त्याला निवेदन लागत नाही. तिथे तशी सोय नसल्यामुळे एका कप चहासाठी प्रवक्ते नेमावे लागतात.

या अभ्यासक्रमाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. त्यातून दोन टोकांचे इंग्रजी येते: एक उकळते, एक गोठलेले. मधले कोमट इंग्रजी, ज्यात तिकीट मागता येते, डॉक्टरला दुखणे सांगता येते किंवा बँकेत केवायसीची विचारणा करता येते, ते या बातम्यांत नसते. केवळ यावरच वाढलेला विद्यार्थी राजीनामा झकास लिहितो, पण उजव्या गुडघ्याला काय झाले ते सांगू शकत नाही. शिवाय वर्तमानपत्राचे शब्द कार्यालयात उलटतात. साहेबांनी रजा नाकारली तर 'बॉस स्नब्स क्लार्क' असे म्हणू नये. आपणच रजेवर जाताना 'स्टेप बॅक' लिहिले, तर परतल्यावर खुर्चीवर दुसरा कोणी बसलेला असू शकतो.

तेव्हा विद्यार्थ्याने आधी मथळा वाचावा, मग राजवाड्याचे निवेदन वाचावे, आणि दोन्हींत जे लिहिलेले नाही ते ओळखायला शिकावे. सरकारी परिपत्रके, कंपन्यांचे खुलासे आणि पक्षत्यागाची पत्रे याच भाषेत लिहिली जातात. एकदा हे इंग्रजी वाचता आले की ती सगळी वाचता येतात. स्वतःच्या घरात भांडायची वेळ आली तर मात्र ते मराठीतच भांडावे. त्या कामासाठी मराठीत शब्दांची टंचाई कधीच नव्हती.